काटा घरच्या जागी आला

मी वायुभारमापक बोलतोय. नाव तोंडात बसत नसेल तर सोडून द्या. भवानी पेठेत मला त्या नावानं कुणीच ओळखत नाही, इथं मी ‘हवेचं घड्याळ’. पितळेची गोल पेटी, वर काच, आत पांढरी तबकडी आणि एकच काटा. तो बघून दर चौथं गिऱ्हाईक विचारतं, “दुसरा काटा पडला काय?” पडला नाही हो. मला वेळ सांगायचीच नसते. आपल्या डोक्यावर हवेचं ओझं किती आहे, तेवढं मला कळतं आणि तेवढंच मी सांगतो.

कसं कळतं तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. माझ्या छातीत पातळ पत्र्याची एक डबी आहे, आतली हवा काढून घेतलेली. बाहेरची हवा जड झाली की डबी दबते आणि काटा उजवीकडं सरकतो. हवा हलकी झाली की डबी फुगते, काटा डावीकडं येतो. हवा जड असली की आभाळ बहुतेक मोकळं असतं, एकदम हलकी झाली की वादळवारा. म्हणून मला घडवणाऱ्यांनी तबकडीवर इंग्रजीत पाच शब्द लिहून ठेवले. डावीकडून स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर आणि व्हेरी ड्राय. म्हणजे वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ आणि एकदम कोरडं. या पाच शब्दांनी माझ्या जन्माचं वाटोळं केलं.

माझा जन्म परमुलखातला, समुद्राकाठचा. ते शब्दही समुद्राकाठच्या माणसांसाठीच लिहिलेले. पुढं आगबोटीतून इकडं आलो आणि सोलापुरातल्या एका गिरणीत, साहेबाच्या खोलीत भिंतीवर चढलो. आता सोलापूर म्हणजे समुद्रापासून दीड हजार फूट उंच. जितकं वर जावं तितकी डोक्यावरची हवा कमी, तितकं ओझं कमी. त्यामुळं आल्या दिवशी माझा काटा स्टॉर्मी आणि रेन यांच्या मधे जाऊन बसला तो बसलाच. बाहेर चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि मी आपला सांगतोय, वादळ येतंय, खिडक्या लावून घ्या. साहेब हसायचा, त्याचं बघून कारकून हसायचे.

खरं तर माझ्या पाठीला एक बारीक स्क्रू आहे. गाव बदललं की तो फिरवून काटा त्या गावाला लावून घ्यायचा असतो. एवढे शिकलेले साहेब लोक, पण एकालाही ते ठाऊक नव्हतं. मी ओझं अगदी बरोबर सांगत होतो. शब्द चुकत होते आणि बोल मला लागत होता. खोटारडा म्हणून मी तिथं किती वर्षं काढली, त्याची गणती नाही.

मग गिरणी बंद पडली. टेबलं, खुर्च्या, पंखे जिकडंतिकडं गेले आणि मी जुन्या बाजारात गोणपाटावर येऊन पडलो. तिथून मला उचललं गैबीसाबांनी. गैबीसाब म्हणजे भवानी पेठेतले घड्याळजी. दुकान केवढं, तर दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. डोळ्याला भिंग लावून हा माणूस दिवसभर कुणाच्या तरी बंद पडलेल्या घड्याळात डोकं घालून बसायचा. त्यांनी मला पुसलं, काच बदलली आणि गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलं. तिथं मी तीस वर्षं काढली.

गिऱ्हाइकांना माझी लई गंमत वाटायची. “काय चाचा, आज पण पाऊस काय?” म्हणून विचारायचे. गैबीसाब भिंगातून मान वर न करताच म्हणायचे, “छत्री आणली न्हाईस? मग बस आता भिजत.” सगळे हसायचे, तेही हसायचे. पण मी बघत होतो ना. दुकान बंद करताना ते माझ्याकडं बघून जीभ चुकचुकवायचे. ज्याच्या हातून पेठेतलं प्रत्येक घड्याळ दुरुस्त होऊन जातं, त्याच्याच डोक्यावर एक खोटं बोलणारं यंत्र टांगलेलं. माणसाला ते लागणारच की.

त्यांचा मुलगा तन्वीर घड्याळाच्या वाटेला गेला नाही. त्याला मोठी इंजिनं आवडायची. डिझेल मेकॅनिक झाला, अक्कलकोट रोडला एका गॅरेजात लागला, चांगला हात बसला त्याचा. आणि एके दिवशी पेठेत बातमी फुटली, की गैबीसाबांचा तन्वीर दक्षिण ध्रुवाकडं चाललाय! आपल्या देशाचं तिथं बर्फावर एक ठाणं आहे, तिथल्या, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या सांभाळायला वर्षभरासाठी मेकॅनिक पाहिजे होता. याची निवड झाली. आठ दिवस दुकानात घड्याळ दुरुस्तीला कमी आणि चौकशीला माणसं जास्त.

गैबीसाबांनी ठरवलं, पोराबरोबर मला पाठवायचं. हवेचं घड्याळ हवामानाच्या गावाला चाललंय, असं म्हणून ते स्वतःच खूश होत होते. पण खोटं बोलणारं यंत्र पोराच्या हातात कसं द्यायचं? म्हणून त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, पाठ उघडली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी त्या स्क्रूकडं लक्ष गेलं. त्यांनी तो फिरवला. काटा हलला. ते चमकले, हसले, पुन्हा फिरवला. बाहेर फेब्रुवारीचं लख्ख आभाळ होतं. ते बघून त्यांनी काटा बरोब्बर फेअरवर आणून ठेवला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, मला डोळे असते तर. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खरं बोलायला लावलं होतं.

पण चूक तिथंच झाली, आणि ती घड्याळजीच करू जाणे. घड्याळ एकदा बरोबर लावलं की ते अक्कलकोटात बरोबर आणि मुंबईतही बरोबर. त्यांचा सगळा जन्म त्याच हिशेबात गेलेला. हवेचं घड्याळ ज्या गावात लावलं त्याच गावापुरतं बरोबर असतं, हे त्या भल्या माणसाला कुठून कळणार? त्यांनी माझ्या पाठीच्या झाकणावर आतून सुईनं आपली खूण कोरली आणि तारीख टाकली. पेठेतल्या घड्याळजींचा हा जुना रिवाज. ज्याच्यावर एकाची खूण पडली, त्याला दुसऱ्यानं विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तन्वीर या रिवाजातच वाढलेला.

आम्ही निघालो. विमान, मग बोट, मग पुन्हा विमान. उतरलो तिथं पांढऱ्याशिवाय रंग नाही. ठाण्यावर पंचवीसेक माणसं, देशाच्या कानाकोपऱ्यांतली, आणि त्यांत एक निघाला वळसंगचा. शिवयोगी त्याचं नाव. हवामानाच्या नोंदी घ्यायचं काम त्याच्याकडं होतं. वळसंग ते भवानी पेठ असं कितीसं अंतर, पण दोघांची गाठ पडायला जगाचं टोक गाठावं लागलं. तन्वीरच्या अम्मीनं दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पहिल्याच आठवड्यात दोघांनी मिळून संपवली. मग काय, एकाचं दुसऱ्यावाचून हलेना.

शिवयोगीनं मला पहिल्यांदा बघितलं आणि पोट धरून हसला. त्याच्याकडं खात्रीची यंत्रं होती. माझ्या तबकडीच्या कडेचे बारीक आकडे त्यांच्याशी ताडून बघितले, तर मी चांगला पन्नासनं जास्त दाखवत होतो. समुद्राच्या पातळीवर येऊन मी सोलापूरचा हिशेब सांगत बसलो होतो ना. “हे तर काय, रोज व्हेरी ड्राय,” तो म्हणाला. “आण, पाठीचा स्क्रू फिरवतो, एका मिनिटाचं काम.”

तन्वीरनं मला छातीशी धरलं. “अब्बांची खूण हाय त्याच्यावर. हात लावायचा न्हाय.”

शिवयोगीनं फार ओढून धरलं नाही. म्हणाला, बरं बाबा, मग मनात पन्नास वजा करून सांगत जा. तेव्हापासून त्यांचा नियमच झाला. सकाळी चहाच्या वेळी शिवयोगी विचारायचा, काटा कुठं. तन्वीर काचेवर टिचकी मारायचा, पन्नास वजा करायचा, आणि जो शब्द येईल तो सांगायचा. बहुतेक वेळा चेंज. वादळ असलं की स्टॉर्मी. शिवयोगी ते आपल्या यंत्राशी ताडून बघायचा आणि मान डोलवायचा. महिन्यामागून महिने गेले, पण तन्वीरची वजाबाकी एकदाही चुकली नाही. शिवयोगीनं त्याला आणखी एक शिकवलं होतं, की काटा कुठं आहे यापेक्षा तो कुठं चाललाय ते बघायचं. टिचकी मारल्यावर तो ज्या बाजूला उडी मारतो, तिकडं हवामान चाललंय.

आता ज्याच्यासाठी शिवयोगी तिथं आला होता, ते सांगतो. ठाण्यापासून आत, हजारो किलोमीटर नुसतं बर्फाचं पठार आहे, मध्यावर तीन-तीन किलोमीटर जाड. त्याच्यावरची हवा गारठून जड होते आणि खाली बसते. खाली बसणाऱ्या हवेत ढग टिकत नाही, वारा पडतो, आभाळ निळंशार होतं. हवेचं एवढं मोठं ओझं तिथं वर्षभर ठाण मांडून असतं, आणि फार साचलं की उतारावरून किनाऱ्याकडं घसरतं. पुस्तकात त्याला जादा दाबाचा प्रदेश म्हणतात. शिवयोगी त्याला ‘दोड्डप्पा’ म्हणायचा. कानडीत थोरल्या काकाला दोड्डप्पा म्हणतात. थोरला काका सोप्यात येऊन बसला की घरातली पोरंसोरं जशी गप होतात, तशी तिथं हवा गप व्हायची. “दोड्डप्पा बसलाय,” असं तो म्हणाला की समजायचं, आज बाहेर कामं उरकून घ्या.

मला तो दोड्डप्पा कळायचा. यंत्र असून सांगतो, त्याची चाहूल किनाऱ्यापर्यंत आली की छातीतली डबी सावकाश दबायची आणि लई शांत वाटायचं. गिरणीतल्या हसण्यापासून लांब, कुणी खोटारडा म्हणत नाही, बाहेर वाऱ्याचा आवाजसुद्धा नाही. तसली शांतता मला पुन्हा लाभली नाही.

पण दोड्डप्पा राहायचा आत, पठारावर. किनाऱ्यावर त्याचा नुसता हात पोचायचा. किनाऱ्याला समुद्रावरून येणाऱ्या हलक्या हवेची वादळं सारखी घिरट्या घालत असतात. शिवयोगीला एकदा तरी दोड्डप्पा सगळाच्या सगळा किनाऱ्यावर आलेला पकडायचा होता. त्यासाठी त्यानं ठाण्यापासून दीड दिवसाच्या वाटेवर, बर्फाच्या कडेला एक खांब उभा केला होता, त्याच्यावर नोंदी घेणारी पेटी. तन्वीरला म्हणायचा, “वजा करून काटा खराखुरा फेअरवर आला, की समज माझं काम झालं.” वर्ष सरत आलं तरी तो दिवस काही उगवला नाही.

ऑक्टोबरात त्या खांबाच्या पेटीनं नोंदी पाठवणं बंद केलं. बघायला हे दोघं निघाले. तन्वीर गाडी हाकायला, शिवयोगी पेटी खोलायला, आणि मी तन्वीरच्या पिशवीत मफलरीत गुंडाळलेला. नऊ दिवस दोड्डप्पा बसलेला होता, आभाळात रेघसुद्धा नव्हती. ठाण्यावरच्या अंदाजात पुढचे पाच-सहा दिवस मोकळे दिसत होते. खांबापासून तीनशे पावलांवर एक पत्र्याची झोपडी होती. आम्ही तिथं उतरलो, तन्वीरनं मला खुंटीला लावलं. ठाण्याशी बोलायचा रेडिओ थंडीनं आदल्या दिवशीच बसला होता. दोघांमधले हातातले वॉकीटॉकी तेवढे चालू होते. म्हणजे त्या दिवशी हवामान सांगणारा तिथं एकटा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शिवयोगी खांबाकडं गेला. तन्वीर झोपडीत स्टोव्हवर चहा ठेवत होता. माझी डबी सकाळपासून फुगत होती. एवढ्या वेगानं ती कधीच फुगली नव्हती. समुद्रावरून काहीतरी मोठं येत होतं, अंदाजाच्या कितीतरी आधी. काटा व्हेरी ड्रायवरून निघाला आणि डावीकडं सरकत राहिला. मी दुसरं काय करणार? मला एक काटाच दिलाय देवानं, तो मी हलवत होतो.

तेवढ्यात वॉकीटॉकी वाजला. “तन्वीर, काटा कुटं हाय?”

तन्वीर माझ्यासमोर आला. त्यानं टिचकी मारली. काट्यानं डावीकडं उडी मारली आणि थेट फेअरवर जाऊन थांबला. अगदी त्याच जागी, जिथं गैबीसाबांनी भवानी पेठेत आणून ठेवला होता. तिथल्या भर वादळात हवेचं जे ओझं असतं, ते सोलापूरच्या रोजच्या हवेएवढंच असतं, कळलं का? म्हणून तो तिथं आला. पण तन्वीरला वादळ दिसलं नाही. आठ महिने घर बघितलं नव्हतं त्यानं. त्याला काटा घरच्या जागी आलेला दिसला. दुकान दिसलं, गल्ल्यामागं वाकलेले अब्बा दिसले. मी त्याचं तोंड बघत होतो, तो हसत होता.

“फेअरवर,” तो म्हणाला. “बरोब्बर फेअरवर हाय.”

पन्नास वजा करायचे राहून गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा आणि एकदाच.

पलीकडं खांबापाशी शिवयोगीला वाटलं, तन्वीर नेहमीसारखं वजा करूनच सांगतोय. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यानं आकडा विचारला असता, मान वर करून समुद्राकडं बघितलं असतं. पण जो शब्द ऐकायला त्यानं वर्ष घालवलं तोच शब्द कानावर पडला, आणि मग त्याला दुसरं काही विचारायचं सुचलं नाही.

“दोड्डप्पा आला मग,” तो म्हणाला. “मी पेटी चालू करूनच येतो. ही नोंद सुटली न्हाय पायजे.”

पेटीचे स्क्रू दाण्याएवढे. त्यासाठी त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला.

पंधरा मिनिटांत वारा आला. झोपडीचा पत्रा थडथडला, आणि खिडकीतला खांब दिसेनासा झाला. तन्वीरनं माझ्याकडं बघितलं. काटा फेअर सोडून आणखी डावीकडं गेला होता. तेव्हा त्याला वजाबाकी आठवली. त्यानं वॉकीटॉकीवर हाकांवर हाका मारल्या, पण पलीकडून नुसती वाऱ्याची खरखर. त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही, सांगवतच नाही.

तो कमरेला दोर बांधून बाहेर गेला. दोनदा रिकाम्या हातानं परत आला, पापण्यांवर बर्फ. तिसऱ्यांदा शिवयोगीला ओढत घेऊन आला. दीड तास गेला होता. शिवयोगी पेटीच्या आडोशाला बसून होता, म्हणून जीव वाचला. मोजा वाऱ्यानं नेला होता. उजवा हात लाकडासारखा झालेला, पांढरा आणि कडक.

वादळ दोन दिवस चाललं. शिवयोगीचा हात तन्वीर कोमट पाण्यात धरून बसला होता. शुद्धीवर आल्यावर शिवयोगी खुंटीकडं, माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “वजा केलं न्हवतंस.”

“न्हाय,” तन्वीर म्हणाला.

शिवयोगी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. तो एवढंच म्हणाला, “तुझ्या अब्बांना सांगू नको. ‘मीच स्क्रू फिरवला म्हणून झालं,’ असं म्हणत बसतील.”

ठाण्यावरच्या डॉक्टरांनी चार बोटं काढली, अंगठा राहिला. अहवाल शिवयोगीनं सांगितला आणि तन्वीरनं लिहिला, कारण शिवयोगीला लिहिता येत नव्हतं. अहवालात वाक्य होतं, वादळ अचानक आलं. तन्वीरचं अक्षर चांगलं आहे. ते वाक्य लिहिताना मात्र त्याचा हात दोनदा थांबला.

वर्ष संपलं, आम्ही परत आलो. गैबीसाबांनी माझ्यासाठी नवा खिळा ठोकला आणि पेढे वाटले. आता मी सोलापुरात, सोलापूरचं लावलेलं यंत्र, रोज फेअर दाखवतो. पेठेत माझी लई वाहवा. “दक्षिण ध्रुवावर जाऊन आलंय, माझ्या हातानं लावलेलं,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खरं बोलत होतो तेव्हा मला सगळे हसले, आणि एका माणसाची बोटं घालवून आलो तर कौतुक. तन्वीर पुन्हा गॅरेजात लागला. दुपारी अब्बांचा डबा घेऊन येतो, पण माझ्याकडं मान वर करून बघत नाही. शिवयोगीचे फोन आले की दुकानाबाहेर जातो आणि फोन न उचलताच परत येतो.

म्हणून एप्रिलात एके दुपारी शिवयोगीच आला. निमित्त मनगटी घड्याळाचं. नेहमीचा पट्टा त्याला एका हातानं लावता येत नव्हता, स्प्रिंगचा पाहिजे होता. गैबीसाबांनी डोळ्याचं भिंग वर केलं आणि त्यांना तो हात दिसला.

“काय झालं रे बाबा हाताला?”

“थंडीनं गेली, चाचा. तिकडं, तन्वीरसोबत होतो मी.”

तन्वीर डबा घेऊन दारातच उभा होता. गैबीसाबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांची नजर माझ्याकडं आली. “माझं घड्याळ होतं की तितं. त्यानं काय सांगितलं न्हाय व्हय?”

दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती. शिवयोगी तन्वीरकडं बघत थांबला. मला त्याचं थांबणं कळलं. झोपडीत जे सांगू नको म्हणाला होता, ते आता सांग, मी इथं आहे, असं तो न बोलता म्हणत होता. एवढ्यासाठीच तो वळसंगहून आला होता, पट्टा काय वळसंगातही मिळाला असता. तन्वीर डब्याची कडी लावत-काढत राहिला.

शेवटी शिवयोगीनंच मान खाली घातली. “सांगितलं होतं, चाचा. मीच ऐकलं न्हाय.”

गैबीसाबांनी त्याचा तो अंगठाच उरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. “यंत्र खोटं बोलत न्हाय लेकरा. माणसानंच ऐकायला पायजे. एवढं शिकलास आणि ऐकलं न्हाईस?” असं बराच वेळ ते मायेनं रागावत राहिले, आणि ज्याचा काही गुन्हा नव्हता तो माणूस खाली बघून ऐकत राहिला. मग ते मुलाकडं वळले आणि घरच्या बोलीत म्हणाले, “तू तो इसकू बोल्या था ना?”

मला वाटलं, आता तरी हा बोलेल.

“हौ, अब्बा,” तन्वीर म्हणाला.

शिवयोगीनं चहा घेतला, नवा पट्टा हातात सरकवला आणि उठला. जाताना तन्वीरच्या खांद्याला हात लावला. त्यानंतर तो पेठेत पुन्हा आला नाही, त्याचे फोनही थांबले.

मी आजही त्याच खिळ्याला आहे. काचेला एक बारीक तडा गेलाय, काटा जरा जड चालतो, पण डबी शाबूत आहे. कुणी गिऱ्हाईक माझ्याबद्दल विचारलं, की गैबीसाब गोष्ट सांगतात. वळसंगचा एक पोरगा होता, लई शिकलेला. माझं घड्याळ त्याला वादळ येतंय म्हणून सांगत होतं. ऐकलं नाही आणि बोटं घालवून बसला. गिऱ्हाईक हळहळतं, काही जण शिवयोगीला मूर्खही म्हणतात. तन्वीर तिथंच उभा असला तर ते विचारतात, “हौ ना रे?” आणि तो डब्याचं झाकण उघडता उघडता हौ म्हणतो.

मला वाचा असती तर मी एवढं आयुष्य टांगून घेऊन गप्प बसलो नसतो. म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. कधी भवानी पेठेत आलात, अक्कलकोट रोडला गाडी दाखवायला थांबलात, तर तन्वीरला गाठा. त्याला म्हणावं, बापाला एवढा कच्चा समजू नकोस. आयुष्यभर त्यांच्या हातात चुकलेलीच घड्याळं आली, बरोबर चालणारं घेऊन कोण जातं घड्याळजीकडं? स्वतःची चूकही ते हातात घेऊन बघतील. रडतील, आणि मग शिवयोगीला भेटायला वळसंगला जातील, मी ओळखतो त्यांना. न सांगताच राहिलं, तर हा भला माणूस एका निरपराध पोराला नावं ठेवत जग सोडून जाईल, आणि ते त्याला कळणारही नाही.

पण हे लवकर व्हायला हवं. गैबीसाब यंदा एक्याऐंशीचे झालेत, आणि परवा त्यांना भिंगातूनही स्क्रू दिसला नाही.